ट्रेलरखालची पट्टी

देविदासकाका,

तुम्ही गेलात त्याला आज अकरा दिवस झाले. पेपरातली छोटी चौकट तुमच्या मुलाने दिली. गाव, नोकरी, ‘अल्पशा आजाराने’, मागे पत्नी, मुलगा, सून, नातवंडे असा परिवार. सगळं बरोबर होतं आणि त्यात तुम्ही कुठेच नव्हतात. आपल्या धायरीच्या गाळ्याचा त्यात उल्लेख नव्हता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. चौकट लहान होती. जे तिथे मावलं नाही ते इथे तुम्हालाच सांगते. तुम्ही मध्ये बोलणार नाही, ही एक सोय आहे. आजवर माझं एकही वाक्य तुम्ही शेवटपर्यंत जाऊ दिलं नव्हतंत.

आधी कामाचं. येत्या गुरुवारी ट्रेलर नागपूरकडे निघतोय. त्याच्याखालच्या आपल्या डब्याला वीज द्यायला तुमची पट्टी लावायची की माझी चक्री, हे मला त्याआधी ठरवायचं आहे, आणि भांडायला समोर कोणी नाही. ट्रान्सपोर्टच्या मालकांनी स्वच्छ सांगितलंय: ही एक फेरी नीट झाली तर पुढचं बोलू, नाहीतर तुमचा डबा तुमच्याकडे. आपलं दोन वर्षांचं काम या एका फेरीवर येऊन टेकलंय.

परवा सुमनकाकूंकडे गेले होते. चहा समोर ठेवून त्यांनी विचारलं, “वैशाली, खरं सांग. दोन वर्षं तुम्ही दोघं त्या पंख्यासमोर बसून काय करत होतात गं?” म्हणजे काका, दोन वर्षं तुम्ही घरी काहीच सांगितलं नव्हतंत. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं, आणि दोन्ही आवरून मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं.

मालवाहू ट्रेलरला स्वतःची वीज नसते, हे सांगितलं. त्याला ओढणारं पुढचं इंजिनाचं डोकं बदलत राहतं. आज एक, उद्या दुसरं. मागच्या दिव्यांना जी वायर जाते ती निम्म्या वेळा तुटलेली असते आणि जोडायला कुणाला सवड नसते. आणि त्या ट्रेलरच्या चाकांत बेअरिंग असतात. ग्रीस संपलं की ती तापतात, मग चाक तापतं, मग टायर धूर सोडतो, आणि तो धूर आरशात दिसेपर्यंत ड्रायव्हरला काही कळत नाही. चाकाजवळ एक लहान डबा लावायचा, त्याने चाकाची उष्णता मोजायची आणि ड्रायव्हरच्या केबिनमध्ये खबर द्यायची, एवढंच आपलं काम. पण डब्याला वीज कुठून? सेल टाकले तर हादऱ्याने आणि उन्हाने खलास होतात, आणि बदलायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून गाडी पळताना खालून जी हवा वाहते तिच्यातूनच डब्यापुरती वीज काढायची.

“हवेतून?” काकू म्हणाल्या.

एक गोल खुंटी, तिच्यामागे एका टोकाला बांधलेली पोलादी पट्टी. नदीत खांबामागे पाणी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळसा घेतं तशी हवाही घेते, आणि पट्टी फडफडायला लागते. पट्टीच्या मुळाशी एक पातळ तुकडा चिकटवलेला. तो वाकला की कणभर वीज देतो. कण कण साठवायचे आणि पुरेसे झाले की डब्याने एकदा बोलायचं, म्हणजे केबिनला खबर द्यायची. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे माझी लोकर त्यापायी गेली.” हो, त्यापायीच गेली. तिच्याकडे येतेच आहे.

आपली पहिली भेट आठवते? खराडीतली नोकरी सोडून मी नुकताच धायरीत गाळा घेतला होता. नोकरीत पंधरा वर्षं मी स्क्रीनवर वस्तू बनवल्या होत्या, हातात एकही घेतली नव्हती. खुंटी बनवून देणारा माणूस हवा होता. हार्डवेअरच्या दुकानदाराने तुमचं नाव सांगितलं. बेअरिंगच्या कारखान्यातल्या टूलरूममध्ये उभी हयात गेलेली, आता रिटायर, घरी बसून घरच्यांना वैताग देतात, असं त्याचं शिफारसपत्र. तुम्ही आलात, माझा आराखडा हातात घेतलात, चष्मा वर सरकवलात आणि म्हणालात, “चित्र चांगलं आहे, बाई. पन ह्या मापात पट्टी हालनार नाई.”

मी कर्वेनगरची, दोन्ही बाजूंनी मास्तरांच्या घराण्यातली. आम्हाला कुणी चूक दाखवली की आम्ही आधी समोरच्याचं व्याकरण तपासतो. मी म्हटलं, “आपण हे गणित केलंय का?” तर म्हणे, “गनित तू केलं ना. मी पट्टी करतो.” आणि दुसऱ्या दिवशी दोन पट्ट्या घेऊन आलात, एक माझ्या मापाची आणि एक तुमच्या अंदाजाची. पंख्यासमोर धरल्या. माझी शिस्तीत स्तब्ध राहिली. तुमची गुणगुणायला लागली. पहिल्या दिवसापासून तुम्ही मला ‘बाई’ म्हणत राहिलात, आणि तुमच्या वर्ध्याकडे लेकीला असंच म्हणतात हे कळेपर्यंत मी सहा महिने ते अपमान म्हणून झेललं.

पस्तीस वर्षं पुण्यात काढून तुमच्या बोलण्याला पुण्याचं पाणी लागलं नाही. कौतुक करायलाही तुम्ही ‘वाईट नाई’ म्हणायचात. तसं पाहिलं तर एवढ्या बाबतीत तुम्ही अस्सल पुणेकर होतात.

एकदा मी विचारलं होतं, आरामात बसायचं सोडून या भानगडीत का पडलात. तुम्ही कानस थांबवली नाहीत. म्हणालात, “लय बेअरिंगं गेली, बाई, ह्या हातातून. कुठं कुठं फिरत असतील, कोनाच्या गाडीत. तापली तर कोनाले सांगतील?” मला खरं तर उठून तुमच्या पाया पडावंसं वाटलं होतं. आमच्या घरात अशा वेळी विषय बदलतात, म्हणून मी चहा सांगितला.

‘फुकट’ हा शब्द तुम्हाला चालायचा नाही. ट्रान्सपोर्टचे मालक पहिल्यांदा गाळ्यावर आले तेव्हा त्यांनी खूश होऊन विचारलं, “म्हणजे वीज फुकट, नाही का?” मी हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तुम्ही, “फुकट काई नसते, शेठ. गाडी हवेले ढकलते, हवा पट्टीले ढकलते. डिझेल तुमचंच. चिमूटभर जाते, पन जाते.” मी टेबलाखालून तुमच्या पायावर पाय दिला होता. तुम्ही मोठ्याने विचारलंत, “पाय काहून देऊन रायली?” मालक हसले. जाताना मात्र मला म्हणाले, “हा माणूस तोट्याचं आधी सांगतो. यांच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.” त्या गिऱ्हाइकाला मी महिनाभर माहितीपत्रकं पाठवत होते. तुम्ही एका वाक्यात आणलंत, आणि मी त्याबद्दल तुम्हाला कधी शाबासकी दिली नाही. घ्या, आता देते.

आता लोकर. आपली चूक, आणि ती दोघांची होती. माझी एकटीची होती असं तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, ते आता तरी दुरुस्त करू. आपण आठ महिने पट्टी उभ्या पंख्यासमोर तपासली. पंख्यासमोर ती अशी काही नाचायची की आपण दोघंही फुगलो होतो. मग ट्रान्सपोर्टच्या बबन ड्रायव्हरच्या ट्रेलरखाली डबा बसवला. दगड लागू नयेत म्हणून आडव्या तुळईच्या मागे, आडोशाला. गाडी कात्रजपर्यंत जाऊन आली आणि डबा मुका. पट्टी हललीच नव्हती.

मी सर्किटवर घसरले. दोन दिवस एकेक टाका तपासला. तुम्ही घरी गेलात आणि काकूंनी नातवासाठी अर्धा विणलेला लाल स्वेटर उसवून ती लोकर घेऊन आलात. वीतभर लांबीचे तुकडे केलेत आणि ट्रेलरच्या पोटाखाली, तुळयांवर, चाकांच्या मागे-पुढे, चिकटपट्टीने एकेक टोक चिकटवत दुपारभर बसलात. मी म्हटलं, “काका, हे काय चाललंय?” तर म्हणे, “हवा दिसत नाई ना. तिले कपडे घालून रायलो.”

बायपासवर बबन ट्रेलर चालवतोय, शेजारून मी स्कूटरवर, मागे तुम्ही वाकून ट्रेलरखाली बघताय, एका हाताने माझा खांदा धरलाय आणि कानात ओरडताय, “हळू! आता जवळ घे! आता लांब!” ट्रेलरभर शंभर लाल शेपट्या उडतायत. नवले पुलाच्या अलीकडे पोलिसाने अडवलं. धाग्यांकडे बराच वेळ बघून त्याने बबनला हळूच विचारलं, “कुणाचा नवस हाय का?” बबनने आपल्याकडे बोट दाखवलं. तुम्ही हेल्मेट काढून म्हणालात, “नाई साहेब. वारा कुठून येते थे पाहून रायलो.” त्याने मान डोलावली आणि सोडलं. बहुधा वेडी माणसं त्याच्या कामात बसत नव्हती.

आणि त्या फेरीत आपल्याला दिसलं. तुळईच्या मागे, जिथे मी डबा बसवायला लावला होता, तिथला धागा मागे उडत नव्हता. तो पुढे, ट्रकच्या दिशेने बघत होता. मी म्हटलं, चिकटवताना उलटा लागला असेल. तुम्ही म्हणालात, “धागा खोटं बोलत नाई, बाई. आडोशाले हवा उलटी फिरते. आपन पट्टी तिच्याकडं पाठ करून बसवली.” गाळ्यातला पंखा हवा सरळ तोंडावर फेकतो. रस्ता तसं करत नाही. आठ महिने आपण हवेला आपल्या सोयीने वाहायला लावलं होतं. डबा वीतभर खाली, तुळईच्या आडोशातून बाहेर आणला आणि त्याच संध्याकाळी तो पहिल्यांदा बोलला. केबिनमधल्या यंत्रावर हिरवा दिवा लागला, टुक असा आवाज आला. बबन म्हणाला, “झालं का?” आपण दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो, कारण बघितलं असतं तर पंचाईत झाली असती.

स्वेटरचं तुम्ही काकूंना सांगितलं होतंत की उंदरांनी खाल्ला. परवा मी त्यांना खरं सांगितलं. माफ करा, पण आता तुम्हाला ओरडा बसण्याची शक्यता कमी आहे.

इथवर मी हसत लिहिलं. यापुढचं लिहायला मला दोन दिवस लागले.

डबा बोलायला लागला आणि आपलं खरं भांडण सुरू झालं. पट्टीची वीज थोडी. चांगल्या वेगातही ती साठायला वेळ लागायचा, तेव्हा कुठे डबा एकदा बोलायचा. मला ते पुरेना. मला दर दहा सेकंदांनी खबर हवी होती. त्यासाठी मी चक्री काढली. लहानसा पंखा, मागे चुंबक, पट्टीच्या कितीतरी पट वीज. तुम्ही ती हातात घेऊन फिरवलीत, कानाशी नेलीत आणि म्हणालात, “हिच्यात बेअरिंग आहे.” मी म्हटलं, “असणारच.” तुम्ही म्हणालात, “दुसऱ्याच्या बेअरिंगवर पहारा ठेवाले बेअरिंगवालाच ठेवनार? धूळ आहे खाली, चिखल आहे. पट्टीत काय अडकनार? तिच्यात फिरनारं काईच नाई.”

मग तुम्ही म्हणालात की मुळात डब्याने सारखं बोलायचंच कशाला. चाक तापलं तर बोलावं. ठीक असलं तर गप्प बसावं. वीज उरेल, ती तापल्यावर कामी येईल. तुमच्या तोंडी हे फार शहाणपणाचं वाटायचं, कारण तुम्ही स्वतः तसेच होतात.

माझा आवाज चढला. मी म्हटलं, “काका, गप्प आहे म्हणजे ठीक आहे की मेलाय, हे ड्रायव्हरला कळणार कसं? जो ठीक असताना बोलत नाही त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा?” तुम्ही म्हणालात, “भरवसा असला की इचारा लागत नाई.” आणि मी म्हणाले, “हे तुमचं टूलरूम नाही, काका. इथे अंदाजाने चालत नाही.”

अंदाजाने. ज्या माणसाच्या अंदाजावर माझी पहिली पट्टी हलली त्याला मी हे म्हणाले. तुम्ही कानस टेबलावर ठेवलीत. रोज घरी जाताना तुम्ही पाच मिनिटं साबणाची भुकटी लावून हात धुवायचात, नखांपर्यंत. त्या दिवशी हात न धुता जेवणाचा डबा उचललात आणि गेलात.

मग आठ दिवस तुमचा फोन नाही. मी ठरवलं, रुसलेत. येतील. मीही केला नाही. मी का करू, असं चोवीस तास स्वतःला विचारत होते आणि स्वतःच उत्तर देत होते. आणि तुम्ही नाही तोवर मी एक काम उरकलं: बबनच्या ट्रेलरखाली माझी चक्री लावली. तुम्हाला न विचारता. चालली की तुमच्यासमोर नेऊन ठेवायची, असा बेत होता.

मंगळवारी बबन फेरी करून आला आणि चक्री माझ्या हातात देऊन म्हणाला, “मॅडम, ही काय फिरंना.” चिखल वाळून घट्ट झाला होता आणि आसाभोवती पोत्याच्या सुतळीचे धागे करकचून गुंडाळले गेले होते. नखाने हलवून पाहिली. बेअरिंग जागेवर जाम. माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीचं आणि दोन्हीकडच्या मास्तरांचं गर्वहरण एका सुतळीने केलं. मी गाळ्यात एकटीच हसले. मला त्या क्षणी फक्त तुम्हाला फोन करायचा होता. तुमचं बरोबर होतं, एवढंच सांगायचं होतं.

नाही केला. म्हटलं, फोनवर काय सांगायचं, उद्या घरी जाऊन चक्री समोर ठेवू. तुम्ही ‘वाईट नाई’ म्हणाल, काकू पोहे करतील. बुधवारी सकाळी सात वाजता तुमच्या मुलाचा फोन आला.

काकूंनी नंतर सांगितलं की आपल्या भांडणाच्या दुसऱ्या दिवसापासूनच तुमच्या छातीत दुखत होतं. तुम्ही ‘ग्यास आहे’ म्हणत राहिलात. वैशालीला कळवू का, असं त्यांनी विचारलं, तर म्हणे, “नको. थे म्हनेल, बुढा थकला.” अहो, कोण म्हणणार होतं? मी पहिल्या रिक्षाने आले असते. तुम्हाला उचलून दवाखान्यात नेलं असतं, तुम्ही वाटेत रिक्षावाल्याच्या गिअरला नावं ठेवली असतीत. मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे, काका, आणि हा राग मी इतक्यात सोडणार नाही.

पण माझ्यावर जास्त आहे. गप्प असणं म्हणजे ठीक असणं नव्हे, हे मी तुम्हाला टेबलावर हात आपटून सांगत होते. आणि आठ दिवस तुम्ही गप्प होतात, तर मी ठीक धरून चालले. डब्याबद्दल जे मला चालत नव्हतं, ते तुमच्याबद्दल चालवून घेतलं.

तेव्हा जे मंगळवारी सांगायचं राहिलं ते आता सांगते. पट्टीबाबत तुमचं बरोबर होतं. आडोशाच्या हवेबाबत तुमचं बरोबर होतं. ‘फुकट’बाबतही. आणि गप्प बसण्याबाबत, काका, तुमचं साफ चुकलं. हे तुम्ही असतानाही मी म्हणाले होते आणि आता तर कुणाच्या बापाला ऐकणार नाही.

तुमच्या टेबलाचा खण उघडताना मला वाटलं होतं, एखादी चिठ्ठी निघेल, एखादा नवा आराखडा, निदान एखादी खूण. काही निघालं नाही. तीन कानशी, चष्म्याची तुटलेली काडी आणि आलेपाकाच्या वड्या निघाल्या. बरंच झालं. आराखडा निघाला असता तर मी तो देवासारखा पुजला असता आणि स्वतः काही केलं नसतं.

एवढं लिहून कागद बाजूला ठेवले होते. आज शुक्रवार. मधल्या चार दिवसांत काय झालं ते सांगते.

पट्टी लावायचं ठरवलं, पण तुमच्या हातची एकच उरली होती आणि जोडीला एक हवी होती. मी स्वतः केली. पहिली पंख्यासमोर दोन तासांत मुळाशी तुटली. दुसरी एका तासात. तुमच्यासारखी नीट उजेडात धरून बघितली तेव्हा दिसलं की कडेला कापताना बारीक ओरखडा राहिला होता, आणि चीर बरोबर तिथूनच सुरू झाली होती. तुम्ही प्रत्येक पट्टीची कड अर्धा-अर्धा तास घासत बसायचात आणि मी घड्याळाकडे बघायचे. तिसऱ्या पट्टीची कड मी पाऊण तास घासली. बोटाची दोन सालटी गेली. ती रात्रंदिवस फडफडली आणि तुटली नाही. वाईट नाही झाली.

दहा सेकंदांचा हट्ट मी सोडला. पट्टीला झेपेल तेवढंच, म्हणजे दर चार मिनिटांनी एकदा. चाक काही चार मिनिटांत पेटत नाही, हे तुम्ही म्हणत होतात आणि कागदावर मांडल्यावर मलाही तेच दिसलं. पण चार मिनिटांनी एकदा डब्याने बोलायचंच. तापलं असलं तर लाल, नसलं तर हिरवा, आणि दोन्ही वेळा आवाज. त्यात मी काडीचाही बदल केलेला नाही.

काल सकाळी काकूंना घेऊन ट्रेलर सुटताना बघायला गेले. बबनने चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ काकूंच्या हातात दिला. नारळ फोडून झाल्यावर काकू कमरेत वाकल्या आणि ट्रेलरखाली बराच वेळ शोधत राहिल्या. मी बोट दाखवलं तेव्हा त्यांना डबा सापडला. म्हणाल्या, “एवढंसं?” मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, “माणूस घरी जेवायला वेळेवर यायचा नाही ते एवढ्याशासाठी.” ट्रेलर वळून गेल्यावरही त्या तिथेच उभ्या होत्या. मीही होते.

आज दुपारी बबनचा फोन आला. गाडी वर्ध्याच्या अलीकडे, ढाब्यावर.

“मॅडम, तो डबा कालपासनं सारखा टुक टुक करतोय.”

“दिवा कुठला लागतोय?”

“हिरवाच हाय.”

“मग चाकं ठीक आहेत, बबन. काळजी नको.”

“ते हाय हो. पर ठीक हाय तर बोलतोय कशाला सारखा? डोकं उठलंय. गप करता येतंय का त्याला?”

काका, इथवर सगळी वाट पट्टी चालली होती. एकदाही चुकली नव्हती. आणि बबन तुमचंच म्हणणं मला ऐकवत होता.

“नाही,” मी म्हटलं. “ठीक असला तरी बोलू दे त्याला.”